पांढरी लड

माणसानं दुसऱ्याच्या ओट्यावर बसून स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून पाणी पिऊ नये. एवढी साधी रीत ज्याला कळत नाही त्यानं साहेब कशाला व्हावं? बिराजदार साहेबांनी त्या दिवशी तेच केलं, आणि तेही मी तांब्या-भांडं घेऊन समोर उभी असताना.

"ओ साहेब, हातात तांब्या आहे माझ्या. दिसत नाही का?"

"दिसतोय की, काकू. पण बाटली आहे माझ्याकडं."

"बाटली एसटीत काढायची. सुत्राव्यांच्या ओट्यावर नाही. आणि आता तर माझ्या मुरलीनं फिल्टर बसवलाय. संक्रांतीपासून मी त्याचंच पिते. नुसतं आडाचं नाही हे."

फिल्टरचं नाव ऐकून साहेबांनी मान खाली घातली आणि बुटाची लेस सोडून परत बांधली. लेस काही सुटली नव्हती.

"असू द्या काकू," म्हणाले. "मोठे साहेब अकराला येतील. मी जरा गल्लीत फिरून येतो." गेले. बाटली ओट्यावरच राहिली. मी तांब्या तसाच परत आत नेला. चाळीस वर्षांत माझ्या हातचा तांब्या भरलेला परत आत गेला नव्हता. गेला असेल तर तो दुसऱ्या साहेबांच्या वेळी, आणि ते साहेब माझ्या हिशेबी माणसांत नव्हते.

हे साहेब माणसांत होते. म्हणून तर राग.

आमच्या रंगारी गल्लीत तेव्हा आठ रंगखाने. सुताच्या लडी यायच्या पांढऱ्या आणि जायच्या लाल, मोरपंखी, कुसुंबी. लडी धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात. ओढ्याचा रंग बघून कुणाकडं कुठली ऑर्डर चालू आहे ते मी घरात बसून सांगायची. लाज वाटायची गोष्ट, पण मला त्यात हुशारी वाटायची. अधूनमधून पाणी तपासायला कुणी सरकारी साहेब यायचा, नाकाला रुमाल, काखेत बाटली. नोटीस द्यायचा, पाकीट घ्यायचा, जायचा. आमच्या आडाच्या पाण्याला त्यांतल्या एकानंही ओठ लावला नाही.

बिराजदार आदल्या वैशाखात आले. खुर्ची दिली तर ओट्यावरच बसले. "काकू, घोटभर पाणी द्या." मी मुद्दाम आडाचंच दिलं. फिक्या चहासारखं होतं ते. त्यांनी भांडं उजेडात धरलं, बघितलं, आणि सगळं प्यायले.

"हे रोज पिता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"आणि तब्येत?"

"गुडघे गेलेत, दात गेलेत. जीभ तेवढी शाबूत आहे. विचारा गल्लीत."

हसले. मग वही काढून म्हणाले, "काकू, नोटिसा देऊन काही होत नाही. तुम्हीच सांगा, काय केलं तर होईल?"

मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझं शिक्षण तिसरी; तेही शाळा घराला लागून होती म्हणून. पण धंदा कळत होता. मी म्हटलं, "साहेब, पाणी साफ करायचा प्लँट आठही घरांत आहे. सरकारनं अर्धा खर्च दिला म्हणून बांधला. चालवायला काय दिलं? चालवणाऱ्याचं लाईटबिल वाढतं, त्याचं सूत महाग होतं, गिऱ्हाईक शेजारी जातं. न चालवणारा पाकीट देतो, ते स्वस्त पडतं. मग शहाणा कोण? तुम्ही वाइटाला धाक घालता. चांगल्याला कधी काही दिलंत?"

"काय द्यावं?"

"ज्याचं पाणी स्वच्छ त्याला लाईट स्वस्त. पुढच्या महिन्यात पाणी घाण, पुढच्या महिन्यात सवलत बंद. बघा कसे प्लँट चालतात ते."

"आणि स्वच्छ आहे हे ठरवायचं कुणी? बाटलीतला नमुना जिल्ह्याला जायला दोन महिने. वाटेत बाटली बदलते."

तेव्हा मी त्यांना सासूची रीत सांगितली. सासू शेवटच्या धुण्याच्या हौदात एक कोरी पांढरी लड टाकून ठेवायची. सकाळी पांढरीच निघाली तर रंग पुरता धुतला. फिकी गुलाबी जरी मारली तर सगळा माल परत धुवायचा, मग गिऱ्हाईक दारात बसलेलं का असेना. सुती सूत लबाडी करत नाही. पाण्यात असेल ते पितं आणि दाखवतं.

"ओढ्यात पाणी सोडता तिथं पाईपला बांधा लड," मी म्हटलं. "महिनाभर. आंधळ्यालासुद्धा कळेल."

साहेबांनी मला ते तीनदा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. दीड महिन्यात कागद टाईप होऊन आला. 'पांढरी लड योजना'. खाली लिहिलेलं, सूचना श्रीमती चंद्रभागा सुत्रावे यांची. मला वाचायला वेळ लागला, पण माझं नाव मी ओळखलं. तो कागद फ्रेम करून देवांच्या शेजारी लावला. देवांपेक्षा बोटभर वरच लागला होता. सुनेनं सांगितलं तरी खाली घेतला नाही.

आणि काय सांगू, चाललं ते! प्लँटचे गंजून गेलेले ब्लोअर घरघरायला लागले. ज्या बायकांनी घराच्या मागं जन्मात वाकून बघितलं नव्हतं त्या सकाळी उठून आधी लड बघायला जायच्या. शेजारची इंदू अवसरे कुंपणावरून ओरडायची, "भागाकाकू, तुमची लड जरा निळी मारायलीय ओ!"

"तुझ्या डोळ्यात नीळ आहे, आधी तोंड धू!" मी म्हणायची, आणि गुपचूप खाली जाऊन बघायची. खरंच जरा निळी असायची. मग मुरलीला शिव्या. साहेब कधीही यायचे, न सांगता, स्कूटरवरून. लड हातात घ्यायचे, पिळायचे, वहीत लिहायचे आणि ओट्यावर बसून आडाचं पाणी प्यायचे. श्रावणात ओढ्याचा तळ दिसला. भाद्रपदात इंदूनं हाक मारली म्हणून मी पळत गेले. मी, जी कुणासाठी पळत नाही. पाईपच्या खाली बोटभर मासोळ्या होत्या. चार-पाच असतील. इंदू रडत होती. मी तिला म्हटलं, रडतेस काय वेडे, आणि पदर माझ्याच डोळ्याला लावला.

एकच अट होती. योजना आधी करून बघायची. चैत्रात मुंबईहून मोठे साहेब येणार, आठही लडी पांढऱ्या दिसल्या तर योजना कायम आणि सगळ्या जिल्ह्याला लागू. एक जरी रंगली तर सगळं बंद. कार्तिकात मी गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा रिक्षात बसता बसता गल्लीला ऐकवलं, "एकाच्या आळसापायी आठांचं नुकसान व्हायला नको. आठही लडी पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. मुरली, तुझ्यावर सोडून चालले. मला बाकी काही ऐकायचं नाही."

मुरली माझा एकुलता एक. गुणी होता. मी परत आल्यावर रोज संध्याकाळी पाय चेपता चेपता सांगायचा, "पांढरी आहे, आई. दुधासारखी." ओढ्याकडं उतरायला नऊ पायऱ्या. डॉक्टरनं मनाई केलेली. मी ओट्यावर बसून दुधासारखी ऐकत राहिले.

तर त्या दिवशी तांब्या आत ठेवला आणि मनात म्हटलं, थांबा बिराजदार. आता लडच सोडून आणते आणि तुमच्या मांडीवर टाकते. मग बघू बाटली काढता का. काठी घेतली. सून मागून ओरडली, "आई, पायऱ्या!" मी बसून बसून उतरले, एकेक पायरी, लहान पोरासारखी. नवव्या पायरीला पोचले तेव्हा घामाघूम झाले होते.

लड पाईपला होती. पांढरी. इतकी पांढरी की मला ते आवडलंच नाही. सुती लड महिनाभर नुसत्या पावसाच्या पाण्यात ठेवली तरी पिवळी पडते. मी ती सोडून उचलली आणि हाताला कळलं. डोळ्याला कळायच्या आधी हाताला. ओली सुती लड ओल्या घोंगडीसारखी जड असते, खांदा ओढते. ही हलकी. एकदा झटकली तर पाणी सगळं खाली, लड जवळजवळ कोरडी.

मिसरी भाजायला लागते म्हणून माझ्या कमरेला काडेपेटी कायम. एक धागा तोडला, काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, फुंकर मारली की राख उडते. हा जळला नाही. आक्रसला, वितळला, काळा धूर सोडला, आणि टोकाला मिऱ्यासारखा एक टणक मणी झाला. वास प्लॅस्टिकचा. पॉलिस्टर. आमच्या रंगात आठवडाभर बुडवून ठेवा, त्याला रंग धरत नाही. गल्लीतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

मग मी लडीखालचं पाणी बघितलं. जांभळं होतं. मासोळ्यांच्या जागी फेस.

"आई, तू खाली कशाला आलीस?" मुरली पायऱ्यांवर उभा होता.

"कधीपासून?"

"आई, गुडघा..."

"गुडघा गेला चुलीत. कधीपासून?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हापासून."

"ब्लोअर?"

"बंद आहे."

"पॉलिस्टरला हा रंग चढत नाही हे तुला कुणी शिकवलं रे?"

"तूच की, आई." टोमणा नव्हता तो. खरंच उत्तर दिलं त्यानं.

मी काठी उचलली. तो हलला नाही. म्हणाला, "मार. पण ऐक. सवलत कुठं आली? आषाढात अर्ज केला. ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. कार्तिकापर्यंत एक पैसा कमी झाला नाही बिलात. खरं चालवलं मी, तू बघितलंस. गिऱ्हाईक पलीकडच्या गावाला गेलं, तिथं ना योजना ना लड. सातही जण माझ्याकडं आले, म्हणाले आम्ही बंद करतो. बिराजदार साहेबांना वरून हुकूम आला, आता न सांगता जायचं नाही, ठरल्या तारखेलाच जायचं. आणि तू सांगून गेलेलीस, आठही पांढऱ्या दिसल्या पाहिजेत, बाकी काही ऐकायचं नाही. मी दिसतील असं केलं."

"सातांच्या पण?"

"एकाच गठ्ठ्यातल्या आहेत. मीच वाटल्या."

माझी काठी खाली आली, पण जमिनीवर टेकायला. "आणि फिल्टर?"

आता मात्र त्यानं मान वळवली. "तू प्यायचीस ना ते पाणी."

"इंदूच्या घरात आहे फिल्टर? तिची दोन नातवंडं आहेत."

मला त्यानं धरून वर आणलं. मी हात झिडकारला नाही. झिडकारता आला असता तर बरं झालं असतं.

बिराजदार ओट्यावर येऊन बसले होते. मी तो काळा मणी त्यांच्या बाटलीशेजारी ठेवला. ते दचकतील असं वाटलं होतं. दचकले नाहीत. बोटानं मणी जरासा फिरवला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"माघापासून."

"कसं?"

"ओढ्यावरून येतो ना मी, काकू. डोळे आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी कमान लागत होती, रांगोळी चालली होती. हळू आवाजात म्हणाले, "आज हे नापास झालं तर असली योजना पुन्हा कुणी आणणार नाही. म्हणतील, बघा, ह्या लोकांना काही देऊन उपयोग नाही. परत नोटीस आणि पाकीट. आज मंजूर झालं तर कागद कायम होतो. कागद एकदा कायम झाला की मग नियम कडक करायचे. सूत सरकारचं, शिक्का सरकारचा, सवलत महिन्याच्या महिन्याला. एक वर्ष द्या, काकू. सगळं खरं करून दाखवतो."

बरोबर बोलत होते. तेच वाईट होतं. "एक वर्ष तुम्ही असाल का इथं?"

त्यांनी मणी परत फिरवला.

"साहेब, तुम्ही असाल का?"

"बदलीची ऑर्डर आलीय," म्हणाले. "परवा चार्ज द्यायचा आहे."

तेवढ्यात हॉर्न वाजला.

मोठे साहेब उतरले. नाकाला रुमाल. हार घातले, पेढे दिले. पायऱ्या ते उतरलेच नाहीत. वरच्या पायरीवरून वाकून बघितलं. मुरलीनं लड परत बांधली होती. पांढरीशुभ्र. पाणी त्या पायरीवरून दिसत नाही, मधे भिंत येते. आठही घरं अर्ध्या तासात झाली. मग ते माझ्याकडं आले. "आजी, ही तुमची कल्पना ना? कागदावर नाव वाचलं मी. तुम्ही सांगा, फरक पडला?"

गल्ली सगळी तिथं होती. इंदू पदराचं टोक दातात धरून माझ्याकडं बघत होती. मुरली माझ्याकडं बघत नव्हता. बिराजदार ओट्यावरच्या मण्याकडं बघत होते. काडेपेटी माझ्या मुठीत होती. खालून लडीचा एक धागा मागवायचा, एक काडी ओढायची. बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"लड पांढरी आहे, साहेब," मी म्हटलं.

मी लेकासाठी गप्प बसले असं गल्लीला वाटलं आणि त्यांनी माझे पाय धरले. लेकासाठी नव्हतं ते. आत भिंतीवर देवांपेक्षा बोटभर वर तो कागद होता, आणि त्यावर माझं नाव होतं.

मोठ्या साहेबांनी जीपच्या बॉनेटवर सही केली.

त्याला आता अठरा वर्षं झाली. योजना कायम झाली, जिल्हाभर झाली. सूत सरकारचं झालं नाही आणि शिक्काही. रंगखान्यागणिक पाईपला पांढरी लड लोंबते आणि बिलात सवलत वेळच्या वेळी येते, ती मात्र सुधारली. पलीकडच्या गावात एक मनुष्य खरंच प्लँट चालवायचा, सुती लड बांधायचा. त्याची लड एका पावसाळ्यात जरा फिकी गुलाबी मारली. त्याची सवलत गेली आणि पाठोपाठ धंदा. इंदूच्या धाकट्या नातवाच्या अंगावर जे उठलं ते अजून गेलेलं नाही. ती कुंपणावरून आता हाक मारत नाही. पॉलिस्टरच्या पांढऱ्या लडी विकायला मुरलीनं वेगळं दुकान काढलं आहे. ओढ्याचा रंग बघून मी अजून ऑर्डर सांगू शकते. कुणी विचारत नाही.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते.

जीप गेली, धूळ बसली, लोक पेढे खात पांगले. बिराजदार मागं राहिले. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. चेहरा असा की मी पाठीवर हात फिरवावा आणि म्हणावं, जाऊ द्या साहेब, तुम्ही तरी काय करणार. बाटली अजून ओट्यावरच होती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"मुरली चोर निघाला," मी म्हटलं. "त्याला मी काठीनं बडवीन, त्याला कळेल कशासाठी ते. मी खोटं बोलले ते माझ्या नावासाठी, ते मी वर गेल्यावर निस्तरीन. पण तुम्ही एक पैसा खाल्ला नाहीत, चहा घेतला नाहीत, उघड्या डोळ्यांनी सगळं बघितलंत आणि सही होऊ दिलीत. चोराला आज ना उद्या पकडता येतं साहेब, तुम्हाला कशात पकडायचं? पहिल्या दिवशी आमचं घाण पाणी तुम्ही प्यायलात, तेव्हा मला वाटलं, माणूस आला. आज जे पाणी तुम्ही ओठाला लावलं नाहीत, ते आम्हाला जन्मभरासाठी पास करून निघालात. घ्या ती बाटली, आणि परत ह्या ओट्यावर बसू नका."